दुसरी काच

१

माझ्या दुकानात आलेल्या माणसाला मी आधी चहा पाजतो, मग थाप. खामगावात देव मढवून देणारी दुकानं पुष्कळ आहेत, पण देवासोबत गोष्ट फुकट देणारं माझं एकच. लोक फोटो मढवायला टाकतात आणि विसरून जातात. फार दिवस न्यायला आले नाहीत की मी ते आतल्या भिंतीवर लावतो. सकाळी शटर उघडलं की ओल्या फडक्याने त्यांच्या काचा पुसायच्या आणि पहिल्या गिऱ्हाइकाला त्यातल्या एकाची कहाणी सांगायची, हा माझा नेम. तो मिशाळ गडी? संग्रामपूरच्या वरच्या जंगलात त्याने अस्वलाला बिडी ओढायला शिकवली. ती नथवाली बाई? मोताळ्याच्या बाजारात ती काट्याकडे बघायची आणि कापूस हलका भरायचा. लोक म्हणतात, "राजूभाऊ, कुठी फेडसान हे?" आणि जाताना फ्रेमसाठी जरा भारीतली पट्टी पसंत करून जातात.

तौसिफ माझ्या समोरच्या गाळ्यातला. तिशीतला जवान, दुकानादुकानांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवून देतो. थापांच्या बाबतीत तो माझाच शागीर्द. एकदा त्याने मला फोन करून पोलिसी आवाजात सांगितलं होतं की तुमच्या दुकानात चोरीचे गणपती मढवले जातात. मी दोन तास शटर खाली ओढून बसलो होतो. त्यामुळे तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला, तेव्हा मी आधी त्याचा चेहरा पाहिला, मग पुडकं.

"काका, हे जरा लाइटीसमोर धरा."

काच होती. काळसर, कडेला टवके उडालेली. ट्यूबलाइटसमोर धरली तर आत एक माणूस उमटला. चेहरा काळा, केस पांढरे, डोळ्यांच्या जागी दोन उजळ ठिपके.

"भूत आहे बे हे."

"भूत नाही, माह्या पणज्यानं काढलेला फोटो आहे. अशा पेट्याच्या पेट्या आहेत फुफीच्या घरी. तुम्ही म्हणत राहता ना, मले जुना फोटो द्या, मी गोष्ट देतो? चला मंग."

२

त्याची फुफी, म्हणजे बापाची मोठी बहीण, नसीमाखाला. सराफ्यामागच्या गल्लीत एकटीच राहायची. ऐंशीला टेकलेली, पाठ ताठ, गुडघे गेलेले. खाली दोन खोल्या आणि वर तिच्या आजोबांचा स्टुडिओ. शकूर मुसव्विर, म्हणजे तसबिरी काढणारे. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत या गावातल्या प्रत्येक बऱ्या घरात त्यांचा फोटो होता म्हणे. आज गावात त्यांचं नाव कोणाला माहीत नाही. मला नव्हतं, आणि माझा तर धंदाच फोटोंचा.

जिना चढून वर गेलो आणि माझं तोंड आपोआप बंद झालं. अर्धं छप्पर काचेचं होतं. चैतातलं दुपारचं ऊन त्या मळक्या काचांतून गाळून सारखं खाली उतरत होतं. खोलीत एवढा उजेड, पण माझ्या पायाशी सावली नव्हती. तौसिफच्याही नव्हती. मी लगेच मनाला समजावलं, उजेड चहूकडून सारखा आला की सावली पडत नाही, फोटोवाल्याला तेच तर पाहिजे असतं. कारण पटलं. तरी पुन्हा पुन्हा पायाकडे बघणं काही थांबलं नाही.

मागे रंगवलेला पडदा: कमान, जिना, तळ्यातलं कमळ. समोर तिकाटण्यावर लाकडी कॅमेरा, त्याच्यावर काळं फडकं. आणि मधोमध एक खुर्ची. सगळ्या खोलीत बोटभर धूळ होती. खुर्ची तेवढी स्वच्छ.

पेट्या आम्ही खाली आणल्या. घरी राखीने, माझ्या बायकोने, जेवणाचं टेबल रिकामं करून दिलं आणि मी एकेक काच कॉम्प्युटरवर घेऊन, काळ्याचं पांढरं करून पाहत बसलो. कापसाच्या गाड्यांची रांग, एकाही बैलाची मान हललेली नाही. जिनिंगच्या धुराड्याखाली उभ्या बाया, केसांत सरकी. टांगेवाले, पैलवान, चांदीवाले, शाळेतली पोरं. चोरून टिपलेला एकही चेहरा नाही. ज्याचा फोटो, तो समोर बघून, श्वास धरून उभा. आयुष्यभर फोटो मढवले, पण इतकं रोखून माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

मग जोड्या दिसायला लागल्या. एका काचेवर एक माणूस खुर्चीत बसलेला, अंगावर ढगळ कोट, चेहऱ्यावर बारीक पेन्सिलीच्या रेघाच रेघा. लगेच पुढच्या काचेवर तोच माणूस, तीच खुर्ची, पण अंगात साधा सदरा आणि चेहरा कोरा. अशा कितीतरी.

नसीमाखालाला विचारलं, तर ती सुपारी कातरत म्हणाली, "तवा जिता असताना फोटो कोण काढत होतं? माणूस गेला की घरच्याइले आठवे, याचा चेहरा तर राह्यलाच. मंग दादाजानकडे येत. दादाजान घरातले सगळे चेहरे पाहेत. जो गेलेल्यासारखा दिसे त्याले बसवत. गेलेल्याचा कोट, गेलेल्याची टोपी. आन् मंग काचेवर पेन्सिलीनं असा चेहरा फिरवत, का घरचे पाहून रडत. म्हणत, हा तर आमचाच माणूस."

"आन् ही दुसरी काच? त्याचीच, त्याच्याच कपड्यात?"

अडकित्ता थांबला. "काच उरली असंल एखादी," ती म्हणाली.

थापाड्याला दुसऱ्याची थाप वासावरून कळते. काच महागाची वस्तू, त्या काळी तर फारच. ती प्रत्येक वेळी अशी कशी उरते? पण म्हाताऱ्या माणसाची उलटतपासणी कोण घेतो?

३

वामनराव आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण घंटा अजून डोक्यात वाजते. फोटो पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रदर्शन ठरलं, पाहुणे ठरले, पत्रिकेचा मजकूरही त्यांनी उभ्या उभ्या सांगितला. आणि मग अडले.

"राजकुमार, सगळं ठीक आहे. पण शकूरसाहेबांचा फोटो कुठे आहे?"

"त्यायचा फोटो नाही सर. तेच काढत होते ना सगळ्याइचे."

"मग प्रतिमापूजन कशाचं करायचं?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे वक्ता नसला तरी कार्यक्रम होतो, माइक बंद पडला तरी होतो. टेबलावर फोटो ठेवून समोर दिवा लावल्याशिवाय होत नाही.

"हार नका घालू," नसीमाखाला म्हणाली. "आमच्यात नाही चालत. फोटो मांडा फक्त. आन् फोटोचं काय एवढं? दादाजान करत तसंच करा. तौसिफले बसवा. त्यायचाच चेहरा आहे."

सगळ्यांना कल्पना आवडली. मला तर फारच आवडली, खोटं सांगत नाही. लगेच खालाने पेटीतून काळा लांब कोट आणि गोंड्याची टोपी काढली. पेटीतल्या जुन्या कपड्याला डांबरगोळ्यांचा वास येतो. त्या कोटाला उन्हाचा वास येत होता. कोणीतरी तो एवढ्यातच वाळत घातला होता, आमची कल्पना सुचायच्या आधी.

वर काचेखाली तौसिफ खुर्चीत बसला. तोंड चालूच. "काका, पणज्याले दाढी होती का? मले तर अलफिया ठेवू देत नाही. माह्या हातात मोबाइल देऊ का? पणजा ऑनलाइन." अलफिया म्हणजे त्याची बायको. मी हसत हसत मोबाइलवरच फोटो काढला. तो हलला असला तर, म्हणून पुन्हा एक काढला.

"झालं. ऊठ."

उठला नाही. हात गुडघ्यांवर, मान किंचित उजवीकडे. छातीसुद्धा हलत नव्हती. वरच्या काचेवर कबुतरांची नखं खरडत होती, ती थांबली.

"तौसिफ. झालं ना बे."

पापणी लवली नाही. मी पुढे होणार एवढ्यात तो एकदम खो खो हसला. "भेले का काका? कसे भेले!"

"ऊठ, ऊठ, चहा थंडा होते," खालाने त्याला दंडाला धरून उठवलं. गुडघे दुखणारी बाई, पण त्या क्षणी तिला भारी घाई होती.

दुकानात मी त्याचा चेहरा कॉम्प्युटरवर फिरवायला घेतला. खाला शेजारी बसून सांगत होती. भुवई जाड. गाल आत. ओठाच्या कोपऱ्यात एक जुनी खोक. एकदा मी गंमत म्हणून डोळे तसेच तौसिफचे ठेवले.

"डोळे राहू दे," ती म्हणाली. "डोळे बरोबर आहेत."

४

उद्घाटनाला गर्दी झाली. खालाचं म्हणणं वामनरावांनी मान डोलवून ऐकलं होतं. पण पाहुणे आले, तबक पुढे आलं, आणि सवयीचे हात ते. त्यांनी झेंडूचा हार उचलला आणि मी मढवलेल्या फोटोला घातला. दिवा लावला. टाळ्या झाल्या.

मी जिवंत माणसाचा फोटो मढवला तर त्याला हारासाठी खिळा ठोकत नाही. कोणी म्हटलं तरी नाही. आमच्या धंद्यात तेवढं एकच पथ्य आहे. आणि आता समोर जो चेहरा हारात होता, त्याच्या रंगाखाली तौसिफ होता. मग म्हटलं, फोटो शकूरसाहेबांचा आहे, झालं. खाली नाव तर मीच छापलंय.

तौसिफ गर्दीतून पुढे आला आणि त्या फोटोसमोर उभा राहिला. बराच वेळ. मी जवळ गेलो.

"कसा काय वाटते पणजा?"

त्याने माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "हा पोरगा कोण आहे?"

"कोणता?"

"हाच. कोटात बसलेला. बिचारा. कवा गेला?"

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "बस कर बे, लोक ऐकून राह्यले."

माझ्या हाताखाली त्याची पाठ म्हाताऱ्यासारखी वाकलेली लागली. मला वाटलं, गडी पूर्ण तयारीने आला आहे. चोरीच्या गणपतींवरही त्याने महिनाभर मेहनत घेतली होती. मी मनात म्हटलं, चालू दे, बघू कोण आधी थकतो.

५

नंतरच्या आठवड्यात बाजारात बोंब झाली. तौसिफ शिडी घेऊन फिरला आणि स्वतःच बसवलेले कॅमेरे स्वतःच काढत सुटला. कापडवाल्याकडचे, मेडिकलवरचे, चांदीच्या दुकानातलेसुद्धा. अडवलं तर शांतपणे म्हणायचा, "न विचारता चेहरा घेता? असं घेत नाहीत." मोटारसायकल गाळ्यासमोर तशीच उभी होती, तिच्यावर मांजर निजायला लागलं. तो पायी फिरत होता. दुपारी मात्र कुठेच दिसायचा नाही.

मी आधी हसलो. मग ताडून पाहायचं ठरवलं. रस्त्यात गाठून म्हटलं, "काय मुसव्विरसाहेब, आमचा एखादा फोटो काढता का?"

तो थांबला. माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश नजर फिरवली, जशी मी फ्रेमचं माप घेताना फिरवतो. "काढू ना," तो म्हणाला. "पण तुमच्या चेहऱ्यावर ठरत नाही काही. उन्हात आलं का एक, सावलीत गेलं का दुसरं. काच वाया जाईल."

अपमान होता, पण चांगला होता. तौसिफला इतका चांगला सुचला नसता. मी तिथेच उभा राहिलो, तो पुढे निघून गेला.

त्याच दिवशी अलफिया दुकानात आली. चार वर्षांची गुलनाज तिच्या कडेवर होती. एरवी ही बाई मला बघून आधी हसते, कारण मी काय बोलणार हे तिला माहीत असतं. आज बसलीसुद्धा नाही.

"काका, हे तुमचं दोघाइचं काही चालू आहे का? खरं सांगा. असंल तर मी हसते, पण सांगा."

"माहं काही नाही बेटा. देवाशपथ."

"तुमच्या शपथेचं काय करू मी?" मग तिचा आवाज फाटला. "मले बेटी म्हणतात. नजर खाली ठेवून बोलतात, सासऱ्यासारखी. दारात खाकरून मंग आत येतात. निजतात बाहेरच्या खोलीत. काल हिच्या डोक्यावर हात ठेवला आन् मले विचारलं, किती गोड पोरगी आहे, कोणाची आहे?"

गुलनाज माझ्या काउंटरवरच्या चौकोनी काचेत स्वतःचं तोंड बघत होती.

"डॉक्टरले दाखवलं?"

"अकोल्याले नेलं. डोक्याचा फोटो काढून पाहला. सगळं चांगलं आहे म्हणतात." तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "त्याले तुम्ही बसवलं ना त्या खुर्चीत? मंग तुम्हीच उठवा. मले माहा माणूस पाहिजे. बाकी मले काही माहीत नाही."

मी वामनरावांकडे गेलो. सगळं सांगितलं, एक अक्षर पदरचं न घालता. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी मन लावून ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "वा! ते 'कोणाची पोरगी' फार छान जमलंय हं. पुढे काय होतं?"

राखीने ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "तुमचं एक सांगू का?" ती म्हणाली. "तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे ज्याले माहीत होतं, त्यानंच तुम्हाले यात घेतलं असंल."

अर्धी भाकरी मी ताटात तशीच ठेवली. मी हात धुतले आणि तसाच सराफ्याकडे निघालो.

६

नसीमाखाला दारातच बसली होती. जणू माझी वाटच पाहत होती.

"खाला, दुसरी काच कशाची?"

"बस. पाणी पेतो?"

"नाही. दुसरी काच सांगा."

तिने माझ्याकडे पाहिलं. थाप मारायची की नाही, याचा हिशेब मी त्या नजरेत स्पष्ट पाहिला. मग तिने तो सोडून दिला.

"दुसऱ्याच्या नावानं बसलेल्या माणसाले तसंच उठू द्यायचं नसते," ती म्हणाली. "दादाजान त्याले त्याच खुर्चीत, त्याच्या कपड्यात, त्याच्या नावानं पुन्हा बसवत. त्याचा स्वतःचा फोटो काढत, मंगच उठवत. आन् पहिला फोटो त्याच्या आधी कोणाले दाखवत नव्हते. तुम्ही तर दाखवला. हार घातला."

"आन् तुम्ही त्याले दंड धरून उठवलं."

"हो."

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं. कोट तुम्हीच उन्हात टाकला. खुर्ची तुम्हीच पुसत होत्या."

"दहा वर्षांपासून पुसतो. गुडघे धरून चढतो." ती अजिबात लाजली नाही. "राजू, दादाजाननं अख्ख्या गावाचे चेहरे घेतले. गाडीवाल्याचे, पैलवानाचे, गावच्या बायाइचे. माहा नाही घेतला. मी म्हणत होती, दादाजान, माहा काढा. ते म्हणत, छोटी, येत्या ईदले. ती ईद आलीच नाही. मंग लग्न झालं, पोरं झाली, नवरा गेला. आता मले छोटी म्हणणारं या दुनियेत कोण आहे? तू सांग, कोण आहे?"

मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो.

"आता रोज दुपारी येतात. जिन्यावरूनच हाक देतात. छोटी, उजेड कसा आहे? मी म्हणतो, आज ढग आहे. म्हणतात, मंग उद्या." ती हसली आणि क्षणभर तिच्या तोंडावर खरोखर लहान मुलगी होती. "मीच टाळून राह्यली. रोज ढग सांगतो. फोटो झाला का ते जातील ना."

बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

"खाला, त्या पोरीले बाप पाहिजे. चार वर्षांची आहे."

"मलेही माहीत आहे ते." तिने दाराला धरून गुडघे सरळ केले. "उद्या ढग नाही म्हणतो," ती शेवटी म्हणाली. "पण आधी माहा. मंग त्याले बसव."

७

दुसऱ्या दिवशी अलफिया तौसिफचा रोजचा निळा शर्ट पिशवीत घालून आली. मी तिला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसवलं. आत नसीमाखाला मोतिया रंगाची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसली होती. वर ऊन नुसतं धो धो.

तौसिफ खाकरून आत आला. माझ्याकडे पाहिलंच नाही. छताकडे पाहिलं, कॅमेऱ्याला हात लावला, काळं फडकं झटकून डोक्यावर घेतलं आणि वाकला. कॅमेऱ्यात काच नव्हती. लेन्ससुद्धा नव्हती, कोणीतरी कधीच काढून नेलेली, पुढे नुसतं गोल भोक होतं. हे मी स्वतः तपासलं होतं. तरी फडक्याखालून सूचना येत होत्या आणि खाला त्या बरोबर पाळत होती.

"खांदा. नाही, दुसरा. इकडे पाह्य. डोळे मोठे नको करू, रडलेली दिसतेस. हां."

तो बाहेर आला, पुढच्या भोकावर हात धरला आणि बाजूला घेतला. ओठ हलत होते, काहीतरी मोजत असावा. खाला स्थिर. हाताने भोक पुन्हा झाकलं. झालं.

तिच्या गालावरून पाणी ओघळलं. ती स्वतःच उठली, कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली आणि मला म्हणाली, "घे आता."

मी शर्ट पुढे केला. त्याने तो चाचपून पाहिला, कोणाचा आहे असं विचारल्यासारखा. त्याने घातला. खुर्चीत बसला. मी मोबाइल काढला.

"तुमचं नाव सांगा."

तो लाकडी कॅमेऱ्याकडे पाहत राहिला.

"तौसिफ, नाव सांग बे."

खोलीत कुठेच सावली नव्हती, पण त्याच्या चेहऱ्यावरून एखादी सरकून गेल्यासारखं वाटलं. ओठ उघडले, मिटले. जिन्यावरून अलफिया ओरडली, "सांगा ना!"

"तौसिफ," तो म्हणाला. मी बटन दाबलं. दाबतच राहिलो, किती वेळा कोण जाणे.

मग तो शर्टाच्या बाहीने कपाळ पुसत म्हणाला, "काका, कितीक काढता? गर्मीनं जीव चालला." दाराकडे पाहून दचकला. "अलफिया? तू इथी काऊन? गुलनाज कुठी आहे?"

ती धावत आली आणि माझ्यासमोर, खालासमोर, त्याच्या छातीवर दोन बुक्क्या मारल्या. तो मला विचारत होता, "हिले काय झालं?" आणि मी हसत होतो. मोबाइलमध्ये पाहिलं, सगळ्या फोटोंत तोच होता, समोरच्या गाळ्यातला, थोडा वाळलेला.

"चला खाली," मी म्हणालो. "खाला, चला. चहा मी करतो."

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली.

दोघं जिना उतरले. त्याची चप्पल फटाफट वाजत होती, जवान माणसाची. मी पाठोपाठ दोन पायऱ्या उतरलो आणि खालाला हात द्यायला म्हणून परत वळलो.

ती पुन्हा खुर्चीत जाऊन बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर, तोंड कॅमेऱ्याकडे. मी तिच्या नजरेमागे पाहिलं. तौसिफने बाजूला टाकलेलं काळं फडकं आता कॅमेऱ्यावर होतं, आणि ते सपाट पडलेलं नव्हतं. मागच्या बाजूला त्याला पाठीचा गोल आला होता, वर डोक्याचा उंचवटा. खाली, जिथे पाय असायला हवेत, तिथे तिकाटण्याचे तीन लाकडी पाय होते आणि धूळ.

"नाही दादाजान," खाला हळूच म्हणाली. "नाही हलत."

खालून तौसिफने हाक मारली, "काका, येता ना?"

मी उत्तर दिलं नाही. खालालाही हाक मारली नाही. फोटो चालू असताना मधे बोलायचं नसतं. मी पायऱ्यांचा आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या आणि उतरलो.